यादीत नाव असताना पुन्हा अर्ज कशाला?

तहसील कार्यालयात एका टेबलावर ‘संगायो’चे काम चालते. संजय गांधी निराधार अनुदान योजना, श्रावणबाळ योजना, केंद्राची वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांसाठीची निवृत्तिवेतने यांची प्रकरणे तिथे दाखल होतात, त्यांची छाननी होते, ती तालुका समितीपुढे जातात आणि मंजुरी मिळाली की लाभार्थ्याचे नाव यादीत चढते. त्याच कार्यालयात दुसऱ्या टेबलावर नैसर्गिक आपत्तीचे काम असते. पंचनामे, बाधितांच्या याद्या, मदतीची देयके तिथे तयार होतात. दोन्ही टेबलांवरच्या कागदांवर अखेर सही होते ती तहसीलदारांचीच. पण पूर येऊन घरात पाणी शिरले, की पहिल्या यादीत वर्षानुवर्षे नाव असलेल्या विधवा बाईला दुसऱ्या टेबलासाठी सगळे नव्याने जमवावे लागते. आधारकार्डाची झेरॉक्स, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, शिधापत्रिका, आणि पंचनाम्यात आपले घर सुटले तर त्यासाठीच्या खेपा. ती कोण आहे, कुठे राहते, तिला सांभाळणारे कोणी आहे का, तिचे पैसे कोणत्या खात्यात जमा होतात, हे सगळे सरकारला आधीपासून ठाऊक असते. दर वर्षी हयातीचा दाखला देऊन तिने ते पुन्हा पुन्हा सिद्ध केलेले असते. मग संकटाच्या वेळी मदत तिच्यापर्यंत आपोआप का पोचत नाही? महामारी, पूर, दुष्काळ अशा प्रसंगी सरकारी अनुदानावर जगणाऱ्या माणसांना तातडीची मदत कशी मिळाली, कुठे अडली आणि ती कशी मिळायला हवी, याचा हा आढावा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्यांचे नाव कोणत्याही नियमित योजनेच्या यादीत आहे, त्यांना तातडीची मदत अर्ज न करता मिळाली पाहिजे, ती त्यांच्या हक्काच्या अनुदानावर जादा असली पाहिजे, आणि हा नियम संकट येण्यापूर्वी ठरलेला असला पाहिजे.

नियमित अनुदान आणि तातडीची मदत यांची कामे वेगवेगळी आहेत, आणि बरेचसे गैरसमज हा फरक न ओळखल्याने होतात. संजय गांधी निराधार योजना १९८० साली सुरू झाली. तिची रक्कम २०१९ पर्यंत महिना ६०० रुपये होती, त्या वर्षी ती १००० झाली आणि २०२३ मध्ये १५००. केंद्राच्या राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमाची सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ ची. त्यात ऐंशी वर्षांखालील वृद्धाला केंद्राकडून मिळणारा वाटा आजही महिना २०० रुपयेच आहे, तर विधवा आणि दिव्यांगांसाठी तो ३०० आहे. ही रक्कम साध्या दिवसांच्या हिशेबाने ठरलेली आहे, आणि साध्या दिवसांतही ती पुरत नाही. मीठ-मिरची, औषधाच्या गोळ्या, विजेचे बिल यांतच ती संपते. संकट येते तेव्हा उत्पन्नाची इतर बारीकसारीक साधने एकदम बंद होतात: चार घरची धुणीभांडी, शेतातली खुरपणी, लेकीने पाठवलेले शे-दोनशे. खर्च मात्र वाढतो. भिजलेले धान्य पुन्हा भरावे लागते, औषधासाठी तालुक्याला जायला जादा भाडे पडते. ज्याच्याकडे शिल्लक नाही, त्याच्या बाबतीत संकट आणि उपासमार यांच्यात आठवड्याचे अंतरही नसते. म्हणून अशा माणसाला मदत किती मिळाली यापेक्षा ती कधी मिळाली हे जास्त महत्त्वाचे ठरते. तीन महिन्यांनी आलेल्या पाच हजारांत बरेचदा सावकाराचे व्याज फिटते. आठव्या दिवशी आलेले हजार रुपये चूल पेटवतात.

भारतात या प्रश्नाची सर्वांत मोठी कसोटी २०२० च्या मार्चमध्ये लागली. कोविडमुळे २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि २६ मार्चला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात सुमारे ८० कोटी लोकांना तीन महिने दरमहा ५ किलो मोफत धान्य, २० कोटी ४० लाख महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये, उज्ज्वला योजनेतील कुटुंबांना तीन मोफत सिलिंडर, आणि सुमारे ३ कोटी वृद्ध, विधवा व दिव्यांगांना दोन हप्त्यांत मिळून १००० रुपये अशा तरतुदी होत्या. यातली एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. हे पैसे आधीपासून असलेल्या याद्यांवरूनच दिले गेले, आणि म्हणूनच ते लवकर निघाले. नवे अर्ज मागवले असते तर टाळेबंदीत ते भरायला कोणी कुठे गेले असते? जनधनचा पहिला हप्ता ३ एप्रिलपासून जमा होऊ लागला. बँकांपुढे गर्दी उसळू नये म्हणून पैसे काढण्याचे दिवस खातेक्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून वाटून दिले होते: शून्य किंवा एक असेल तर ३ एप्रिल, दोन किंवा तीन असेल तर ४ एप्रिल, असे करत आठ आणि नऊवाल्यांना ९ एप्रिल. म्हणजे इच्छा असेल तर यादीवरून, अर्जाशिवाय, काही दिवसांत कोट्यवधी खात्यांत पैसे घालता येतात. ‘यंत्रणाच नाही’ ही सबब तेव्हापासून कायमची बाद झाली.

पण त्याच अनुभवाने यादीच्या मर्यादाही दाखवून दिल्या. पहिली मर्यादा अशी की मदत कोणत्या यादीवरून द्यायची ही निवडच अर्ध्या गोष्टी ठरवून टाकते. निवृत्तिवेतनधारकांसाठीचे १००० रुपये केंद्राच्या यादीतल्यांनाच होते. केंद्राचे विधवा निवृत्तिवेतन चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या बाईलाच मिळते. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन विधवांपैकी पंचेचाळीस वर्षांची, दारिद्र्यरेषेच्या यादीत असलेली बाई या मदतीला पात्र ठरली. छत्तीस वर्षांची, पदरात दोन लहान मुले असलेली आणि केवळ राज्याच्या संजय गांधी योजनेत असलेली बाई अपात्र. दोघींची नावे एकाच तहसील कार्यालयात होती. दुसरी मर्यादा खात्यांची. जनधन खाते असणे आणि गरीब असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येल विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी २०२० च्या एप्रिलमध्येच इशारा दिला होता की देशातल्या निम्म्याहून अधिक गरीब स्त्रिया या मदतीबाहेर राहण्याची शक्यता आहे, कारण त्यांच्या नावावर जनधन खातेच नाही. काहींचे साधे बचत खाते होते, काहींचे पतीसोबत संयुक्त होते, काहींचे कसलेच नव्हते. खात्याचा प्रकार हा गरिबीचा पुरावा मानला की असे होणारच.

तिसरी मर्यादा हिशेबाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. गरीब कल्याण पॅकेजमध्ये पीएम-किसानचा २००० रुपयांचा हप्ता मोजला गेला होता. २०१९ पासून शेतकऱ्याला वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत मिळतच होते. एप्रिलचा हप्ता थोडा आधी दिला गेला एवढेच. महाराष्ट्रानेही वर्षभराने जवळपास तेच केले. १३ एप्रिल २०२१ रोजी ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लावताना मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५४७६ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षाचालक आणि अधिकृत फेरीवाले यांना प्रत्येकी १५०० रुपये, खावटी योजनेतील आदिवासी कुटुंबांना प्रत्येकी २००० रुपये असे त्यात होते. संजय गांधी, श्रावणबाळ आणि केंद्राच्या तीन निवृत्तिवेतन योजनांतील सुमारे ३५ लाख लाभार्थ्यांच्या वाट्याला मात्र १००० रुपये आगाऊ आले. वेळेवर किंवा वेळेआधी पैसे मिळाले याचे मोल आहेच. महिनोन्महिने अनुदान थकण्याची सवय असलेल्या माणसाला ते नक्कीच कळते. पण जो पैसा पुढच्या महिन्यात मिळणारच होता तो आज दिला, तर पुढच्या महिन्यात खड्डा पडतो. राज्यातल्या सर्वांत निराधार माणसांना त्यांच्याच पैशांतून उचल द्यायची आणि तिची गणना मदतीत करायची, हे न्याय्य नाही. तातडीच्या मदतीची पहिली अट हीच असली पाहिजे की ती नियमित रकमेवर जादा असेल.

हाच प्रश्न त्याच काळात अमेरिकेतही आला आणि तिथली कहाणी बोधप्रद आहे. २७ मार्च २०२० रोजी ‘केअर्स’ कायदा झाला आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या प्रौढाला १२०० डॉलरपर्यंत आणि प्रत्येक लहान मुलामागे ५०० डॉलर देण्याचे ठरले. पैसे वाटण्याचे काम प्राप्तिकर खात्याकडे गेले, कारण त्याच्याकडे विवरणपत्रांवरून बहुतेकांचे पत्ते आणि खाती होती. पण सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचे निवृत्तिवेतन किंवा अपंगत्वाचा भत्ता यांवर जगणाऱ्या कित्येकांना विवरणपत्र भरावेच लागत नाही. ३० मार्चला खात्याने सांगितले की अशांनीही एक साधे विवरणपत्र भरावे. त्यावर मोठी ओरड झाली. ज्यांना सरकार दर महिन्याला पैसे पाठवते त्यांचा पत्ता सरकारलाच माहीत नाही, हे कोणाला पटणार? दोनच दिवसांनी, १ एप्रिलला, अर्थखात्याने निर्णय फिरवला आणि सोशल सिक्युरिटीच्या लाभार्थ्यांना मदत आपोआप मिळेल असे जाहीर केले. अत्यल्प उत्पन्नाच्या वृद्ध व अपंगांसाठीची योजना आणि माजी सैनिकांचे भत्ते घेणारे यांचाही समावेश एप्रिलच्या मध्यापर्यंत झाला. अर्ज न मागता मदत देता येते. त्यासाठी एका खात्याने दुसऱ्या खात्याची यादी मागून घ्यावी लागते, इतकेच. तरीही एक गाठ राहिलीच. सोशल सिक्युरिटीच्या ज्या लाभार्थ्यांना लहान मुले होती, त्यांनी मुलांची नावे वेगळी कळवायची होती, आणि त्यासाठी मुदत दिली २२ एप्रिलच्या दुपारपर्यंत. ही मुदत जाहीर झाली तेव्हा दोन दिवसही हातात नव्हते. ज्यांना जमले नाही त्यांच्या मुलांचे ५०० डॉलर मागे पडले.

अमेरिकेच्या कायद्यातली आणखी एक तरतूद आपल्याकडे उचलण्याजोगी आहे. तिथे अत्यल्प उत्पन्नाच्या अपंग किंवा वृद्ध माणसाने आपल्याजवळ २००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक ठेवली तर त्याचा भत्ता बंद होऊ शकतो. मदतीचे १२०० डॉलर खात्यात आल्यामुळे ही मर्यादा ओलांडली गेली असती तर मदतच त्याच्या मुळावर उठली असती. म्हणून ही रक्कम उत्पन्न म्हणून धरायची नाही आणि बारा महिने शिल्लक म्हणूनही मोजायची नाही, असा नियम होता. आपल्याकडे संजय गांधी योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा बराच काळ २१ हजार रुपये राहिली आहे, म्हणजे महिन्याला १७५० रुपये. इतक्या अरुंद मर्यादेत पुराची दहा हजारांची मदतही कोणाच्या डोळ्यांत खुपू शकते. आपत्तीची मदत कोणत्याही योजनेच्या पात्रतेसाठी उत्पन्नात धरली जाणार नाही, हे प्रत्येक शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेले असावे. ते गृहीत धरून चालत नाही, कारण कागदावर नसलेली सवलत टेबलावर मिळत नाही.

अमेरिका श्रीमंत आहे, तिच्याशी आपली तुलना कशी, असे कोणी म्हणेल. म्हणून मध्यम आणि गरीब देशांकडेही पाहू. ब्राझीलने एप्रिल २०२० मध्ये महिना ६०० रेआइसची तातडीची मदत सुरू केली; एकट्या आईला दुप्पट. बोल्सा फामिलिया या नियमित योजनेतल्या कुटुंबांना ही मदत नेहमीच्या रकमेपेक्षा जास्त भरत असेल तर आपोआप तीच दिली गेली. गरिबांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ज्यांचे नाव होते त्यांनाही अर्ज करावा लागला नाही. उरलेल्यांसाठी मोबाइलवरून अर्जाची सोय होती. फिजी हा तर छोटा बेटांचा देश. २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळाने तो उद्ध्वस्त झाला तेव्हा सरकारने समाजकल्याणाच्या याद्यांवरच्या कुटुंबांना आणि वृद्धांना जादा रोख रक्कम दिली. गरिबांच्या योजनेत ती तीन महिन्यांच्या भत्त्याइतकी होती. केनियाने त्याच्याही पुढची पायरी गाठली. उत्तरेकडच्या तुर्काना, मार्साबित, वजीर आणि मंडेरा या कोरड्या जिल्ह्यांत सुमारे एक लाख कुटुंबांना नियमित रक्कम मिळते. पण बाकीच्या कुटुंबांचीही नोंदणी आधीच करून त्यांची बँक खाती उघडून ठेवली गेली. उपग्रहावरून दिसणारी हिरवळ ठरावीक पातळीखाली गेली की त्या खात्यांत दुष्काळाची रक्कम जमा होते. कोणाला मोर्चा काढावा लागत नाही, कोणी पंचनाम्याची वाट पाहत नाही. दुष्काळाची सवय असलेल्या मराठवाड्याने आणि माणदेशाने या उदाहरणाकडे जवळून पाहायला हवे.

यादी ठरली, रक्कम मंजूर झाली, तरी ती हातात पडेपर्यंतचा शेवटचा टप्पा सर्वांत खडतर असतो. बँकेत आधारकार्ड दिले म्हणजे काम झाले असे लोकांना वाटते, पण आधारवर आधारलेली सरकारी रक्कम राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत ज्या खात्याची जोडणी सर्वांत शेवटी झाली त्यात जाते. एखाद्या बाईने मधल्या काळात दुसरे खाते उघडले असेल, तर पैसे तिथे जातात आणि ती जुन्या बँकेत विचारत बसते. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय धरले जाते. सरकारी योजनांसाठी उघडलेल्या खात्यांना हा नियम लावू नये असे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात सांगितले आहे, पण ते प्रत्येक शाखेच्या खिडकीपर्यंत पोचणे हे वेगळे काम आहे. मग येते अंगठ्याचे यंत्र. आयुष्यभर भांडी घासलेल्या, माती उपसलेल्या हातांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. बँकमित्राच्या छोट्या यंत्रावर एक बोट, मग दुसरे, मग पुसून पुन्हा पहिले असे चालते, आणि शेवटी ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे उत्तर मिळते. कोविडच्या काळात रेशन दुकानांत ग्राहकाच्या अंगठ्याऐवजी दुकानदाराने स्वतःचे प्रमाणीकरण देऊन धान्य वाटण्याची मुभा महाराष्ट्राने दिली होती. म्हणजे संकटात नियम सैल करता येतात, आणि हीच मुभा रोख मदतीलाही मिळायला हवी.

याच टप्प्यावर दुसऱ्यांचे हात मध्ये येतात. अतिवृष्टीच्या मदतीतून बँकांनी कर्जवसुली करू नये, असे शासन निर्णयांत वारंवार लिहावे लागते, याचाच अर्थ ती होते. अमेरिकेतही पहिल्या फेरीची रक्कम खाजगी सावकारांच्या जप्तीपासून सुरक्षित नव्हती. डिसेंबर २०२० च्या दुसऱ्या फेरीत कायद्याने ते संरक्षण दिले. तिथे काही वृद्धाश्रमांनी रहिवाशांचे पैसे आपल्याकडे वळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ही रक्कम त्या माणसाचीच आहे असे केंद्रीय व्यापार आयोगाला बजावावे लागले. आपल्याकडे पासबुक आणि एटीएम कार्ड मुलाच्या किंवा पुतण्याच्या खिशात असते. म्हणून लाभार्थ्यानेही काही गोष्टी शांत दिवसांत करून ठेवाव्यात. आपल्या आधारशी नेमके कोणते खाते जोडलेले आहे ते बँकेत विचारून घ्यावे, वर्षातून दोन-तीनदा छोटा व्यवहार करावा, मोबाइल क्रमांक बदलला तर बँकेत आणि तहसीलमध्ये दोन्हीकडे कळवावा, हयातीचा दाखला मुदतीत द्यावा, आणि तालुक्याच्या यादीत आपले नाव कोणत्या योजनेखाली आहे हे एकदा पाहून घ्यावे. पण ही सगळी जबाबदारी ऐंशी वर्षांच्या आजीवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, सर्व निवृत्तिवेतनधारकांच्या खात्यांची तपासणी करून ठेवली तर पुराच्या दिवसांतली निम्मी धावपळ वाचेल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की याद्याच खोट्या असतात. मयतांची नावे असतात, वशिल्याची नावे असतात, त्यांना आपोआप पैसे द्यायचे का? आक्षेपात तथ्य आहे. ब्राझीलमध्येही सैन्यात पगारी नोकरीवर असलेल्या अनेकांना मदत गेल्याचे उघड झाले आणि ते पैसे परत मागावे लागले. पण दोन चुकांची तुलना करून पाहा. अपात्र माणसाला हजार रुपये गेले तर सरकारचे हजार रुपये बुडतात, आणि तेही नंतर वसूल करता येतात. पात्र निराधाराला पैसे मिळाले नाहीत तर त्याचे जे होते ते नंतर भरून काढता येत नाही. शिवाय यादी खोटी असेल तर ती संकटाच्या आधी सुधारायची असते. संकटाच्या तोंडावर नवी छाननी सुरू केली की खोटी नावे वशिल्याने टिकतात आणि खरी माणसे रांगेत थकून घरी जातात. नियमित योजनांच्या यादीची दर वर्षी तपासणी होते, तर घाईगर्दीतल्या पंचनाम्यांची फेरतपासणी सहसा होत नाही. त्यामुळे यादीवरून दिलेली मदत ही नव्या अर्जावरून दिलेल्या मदतीपेक्षा अधिक भ्रष्ट असेल असे मानायला आधार नाही.

दुसरा आक्षेप दुहेरी लाभाचा. ज्यांना सरकार आधीच देते त्यांना आणखी का? हा विचार आपल्या नियमांत खोल रुजलेला आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दरमहा १५०० रुपये मिळतात, पण दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढीच किंवा जास्त रक्कम घेणारी बाई त्यासाठी अपात्र ठरते. नियमित योजनांपुरते या नियमाचे समर्थन करता येते, कारण दोन्हींचा हेतू दरमहा उत्पन्नाला आधार देणे हाच आहे. तातडीच्या मदतीला मात्र तो लावणे चुकीचे ठरते. पूर कोणाचेही अनुदान पाहून घरात शिरत नाही. नोकरदाराला महागाई भत्ता मिळतो म्हणून त्याच्या वाहून गेलेल्या घराची भरपाई आपण नाकारत नाही. मग निराधाराला १५०० रुपये मिळतात म्हणून त्याच्या भिजलेल्या धान्याची भरपाई का नाकारायची? नियमित आधार आणि नुकसानीची भरपाई हे दोन वेगळे हक्क आहेत आणि एकाने दुसरा खाऊन टाकता कामा नये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: यादीबाहेरची माणसे अनेकदा यादीतल्यांपेक्षा अधिक अडचणीत असतात. २०२० च्या उन्हाळ्यात शेकडो मैल चालत निघालेले स्थलांतरित मजूर कोणत्याच यादीत नव्हते. त्यांच्यासाठीचे ई-श्रम पोर्टल आले ते २६ ऑगस्ट २०२१ रोजी, संकटाचा सर्वांत वाईट काळ उलटून गेल्यावर. बांधकाम कामगारांना मंडळाच्या निधीतून मदत मिळाली, पण ज्यांची नोंदणी जिवंत होती त्यांनाच. तिचे नूतनीकरण करायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार तो सहजासहजी देत नाही. महाराष्ट्रातल्या अतिवृष्टीच्या मदतीचा मोठा भाग सातबाऱ्यावर चालतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने अतिवृष्टी आणि पुराच्या नुकसानीसाठी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातली पिकांची भरपाई जमिनीच्या मालकापर्यंत जाते, त्याच शिवारात कापूस वेचण्याची मजुरी बुडालेल्या भूमिहीन बाईपर्यंत नाही. तेव्हा यादी ही सुरुवात आहे, कुंपण नव्हे, हे मान्यच करायला हवे. पण त्यावरून यादीतल्यांनाही थांबवून ठेवावे असे निष्पन्न होत नाही. उलट, पस्तीस लाख लोकांना आपोआप पैसे गेले की तितक्या लोकांचे अर्ज, झेरॉक्स आणि रांगा वाचतात, आणि तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांना यादीबाहेरच्यांकडे लक्ष द्यायला वेळ मिळतो. आधी ज्ञात गरजूंना तात्काळ, आणि त्याच आठवड्यात अज्ञात गरजूंसाठी साधी नोंदणी, असा क्रम असावा. ई-श्रममध्ये आज तीस कोटींहून अधिक नोंदी आहेत. केनियाप्रमाणे त्यांची खाती आधीच जोडून ठेवली तर पुढच्या वेळी रस्त्यावर निघालेल्या मजुराला सरकार अनोळखी राहणार नाही.

चौथा आक्षेप पैशांचा. हिशेब मांडून पाहू. महाराष्ट्रातल्या ३५ लाख निवृत्तिवेतनधारकांना प्रत्येकी १००० रुपये जादा द्यायचे तर ३५० कोटी रुपये लागतात. ३१ हजार ६२८ कोटींच्या पॅकेजशी तुलना केली तर हे सव्वा टक्क्याहूनही कमी. आणि पूर संपूर्ण राज्यात एकाच वेळी येत नाही. संगायोची यादी गावनिहाय असते. ज्या महसुली मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडल्याची नोंद झाली आणि वस्तीत पाणी शिरले, तिथल्याच लाभार्थ्यांना रक्कम दिली तर खर्च आणखी कितीतरी कमी होईल. केंद्रालाही २०२० मध्ये निवृत्तिवेतनधारकांच्या हजार रुपयांसाठी सुमारे २८०० कोटी लागले. एकूण पॅकेजच्या दोन टक्क्यांहूनही कमी. अडचण तिजोरीची नाही, प्राधान्याची आहे. संकटात बाजारच बंद असतो, मग रोख पैशांचा उपयोग काय, असेही विचारले जाते. पाण्याने वेढलेल्या गावात पहिले चार दिवस तयार जेवण आणि धान्यच हवे, यात वाद नाही. पण पाणी ओसरले की दुकाने उघडतात, आणि तेव्हा औषध, चूल, वह्या-पुस्तके, दुरुस्तीचा पत्रा यांपैकी काय आधी घ्यायचे हे त्या बाईलाच ठाऊक असते. धान्य आणि रोख ही एकमेकांना पर्याय नाहीत. पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यापासून दुसरे.

शेवटी कायद्याचा प्रश्न. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा आहे. त्याच्या बाराव्या कलमात राष्ट्रीय प्राधिकरणाने आपद्ग्रस्तांना द्यायच्या मदतीचे किमान निकष ठरवावेत असे म्हटले आहे, आणि विधवा व अनाथांसाठीच्या विशेष तरतुदींचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी कोविडमृतांच्या कुटुंबीयांसाठी सानुग्रह रकमेचे निकष ठरवायला सांगितले आणि पुढे प्रत्येक मृत्यूमागे ५० हजार रुपये देण्याचा निर्णय झाला. म्हणजे पाया आहे; त्यावर नियमाची भिंत उभी करायची आहे. राज्य सरकारला एका शासन निर्णयाने ती उभी करता येईल. त्यात इतके असावे: जिल्हाधिकाऱ्यांनी गाव आपद्ग्रस्त जाहीर केले की त्या गावातल्या केंद्र आणि राज्य दोन्ही योजनांच्या सर्व निवृत्तिवेतनधारकांना दहा दिवसांत एका महिन्याच्या अनुदानाइतकी जादा रक्कम जमा होईल. त्यासाठी अर्ज, पंचनामा किंवा नव्याने केवायसी लागणार नाही. घरादाराच्या नुकसानीची भरपाई पंचनाम्यानंतर वेगळी मिळेल. ही रक्कम उत्पन्नात धरली जाणार नाही आणि बँक ती कर्जात वळती करणार नाही. हयातीचा दाखला आणि केवायसीच्या मुदती त्या गावापुरत्या तीन महिने पुढे जातील. ज्यांचे पैसे परत आले त्यांची यादी पंधराव्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल आणि त्यांना पोस्टमन किंवा बँकमित्रामार्फत घरपोच रक्कम दिली जाईल.

असा नियम झाल्याने एक गोष्ट राजकारण्यांच्या हातून जाईल: मदत जाहीर करण्याचे श्रेय. ठरलेल्या नियमाने आपोआप जाणाऱ्या पैशांचा सोहळा करता येत नाही, धनादेशाचे वाटप करता येत नाही. कदाचित म्हणूनच इतकी सोपी गोष्ट इतकी वर्षे राहून गेली असेल. पण निराधार माणसाच्या दृष्टीने मदत कोणी दिली याला फारसा अर्थ नाही. ती मागायला न लावता मिळाली याला आहे. राज्याने ज्यांना स्वतःच्या सहीने निराधार ठरवले आहे, त्यांच्याकडे संकटात पुन्हा पुरावा मागणे म्हणजे स्वतःच्याच सहीवर अविश्वास दाखवणे होय. जून उजाडण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यात पावसाळापूर्व आढावा बैठक होते. बोटी, दोर, धोक्याची गावे, निवाऱ्याच्या शाळा यांच्या नोंदी तपासल्या जातात. त्याच बैठकीत संगायोची यादी टेबलावर ठेवून प्रत्येक नावापुढचे खाते चालू आहे का, एवढे पाहून घेण्याची सक्ती झाली, तर येत्या पावसाळ्यातच या बदलाची सुरुवात होऊ शकते. त्यासाठी नवे पोर्टल, नवी योजना किंवा नवे नाव यांपैकी कशाचीही गरज नाही.